शाळेच्या निर्णयांत पालकांचा आवाज: शाळा व्यवस्थापन समिती कागदावरून वर्गापर्यंत कशी आणावी

जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत मूल शिकत असेल, तर पालकाने वर्षातून एकदा तरी मुख्याध्यापकांच्या कपाटातील पालकांचे बहुमत असलेल्या शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त पुस्तक मागून घेऊन शांतपणे वाचावे. अनेक ठिकाणी त्यात महिन्याला एक याप्रमाणे बारा बैठका सुवाच्य अक्षरात नोंदलेल्या आढळतात; विषय तेच ते, प्रत्येक ठराव सर्वानुमते मंजूर आणि खाली सह्यांची रांग. चौकशी केल्यावर कळते की वही मुलांच्या हाती घरोघरी पाठवून सह्या गोळा झाल्या आहेत. यात दर वेळी लबाडीच असते असे नाही. दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) बैठकीला गेले की दुसऱ्यांना चार वर्ग सांभाळावे लागतात आणि पालक तर बोलावूनही येत नाहीत. मग वही पूर्ण ठेवणे एवढेच साधते. पण त्याचा परिणाम असा होतो की कायद्याने पालकांना दिलेला अधिकार त्यांच्या नकळत आधीच वापरला गेलेला असतो, आणि उद्या शिक्षक का मिळाला नाही असे विचारायला गेल्यावर 'समितीने तर कधी मागणी केली नव्हती' हे उत्तर ऐकावे लागते.

म्हणून पालकांचे संघटन करायचे असेल तर नवी संघटना काढण्यापूर्वी ही जुनी वही ताब्यात घ्यावी, असे माझे मत आहे. मोर्चा, निवेदन, शाळेला कुलूप ठोकणे हे मार्ग गावागावांत परिचित आहेत आणि कधी कधी लागतातही; मात्र त्यांच्यामागे समितीचा नोंदवलेला ठराव नसेल तर आठवडाभरात सगळे विसरले जाते.

कायद्यात नेमके काय आहे

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २१ नुसार विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक आहे. म्हणजे सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांबरोबर अनुदानित खासगी शाळाही यात येतात. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या जागांवर महिला असल्या पाहिजेत आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे. महाराष्ट्रात समिती साधारणपणे १२ ते १६ सदस्यांची असते, मुदत दोन वर्षांची असते, अध्यक्ष पालक सदस्यांमधून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. सोळा सदस्यांची समिती धरली तर बारा पालक आणि आठ महिला असा हिशेब होतो. सरपंचांनी सुचवलेली नावे मुख्याध्यापकांनी लिहून घेणे या पद्धतीला यात कुठेही जागा नाही. वेळोवेळी निघणाऱ्या शासन निर्णयांनी रचनेचे तपशील बदलतात, त्यामुळे चालू वर्षी लागू असलेल्या निर्णयाची प्रत गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून घेऊन ठेवावी.

समितीची कामे कायदाच सांगतो: शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे, आणि शासनाकडून वा इतरत्र मिळालेल्या निधीच्या विनियोगावर लक्ष ठेवणे. यातल्या आराखड्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि नेमके त्याचेच वजन सर्वांत मोठे आहे, कारण कलम २२ नुसार शाळेला मिळणाऱ्या अनुदानाचा आधार हा आराखडा असावयाचा असतो. केंद्र सरकारच्या आदर्श नियमांनुसार तो आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी तयार हवा. म्हणजे डिसेंबरअखेर. मार्चमध्ये जाग येऊन मागण्या पाठवणाऱ्या शाळेचा नंबर पुढच्या वर्षी लागतो.

पालक सभा: पहिली आणि सर्वांत अवघड पायरी

समितीतील पालक प्रतिनिधी पालक सभेतून निवडले जातात. ही सभा भरवण्यापूर्वी पाच-सहा पालकांनी, शक्यतो वेगवेगळ्या वस्त्यांमधल्या, पंधरा दिवस घरोघरी फिरावे. हजेरीपटावरून मुलांची यादी करावी आणि प्रत्येक घरात एकच प्रश्न विचारावा: शाळेत काय बदलायला हवे? उत्तरे वहीत उतरवून घ्यावीत. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, खिचडीत अळ्या निघाल्या, तिसरीच्या मुलाला अजून वाचता येत नाही, असे जे निघेल ते सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहावे. हीच यादी पुढे विकास आराखड्याचा पाया ठरते, आणि आपले म्हणणे कुणीतरी लिहून नेले आहे हे दिसल्यावर तो माणूस सभेलाही येतो.

सभेची वेळ ठरवताना शाळेच्या सोयीपेक्षा मजुरीचा विचार आधी करावा. सकाळी अकराची सभा म्हणजे खुरपणीला जाणाऱ्या आईची दिवसाची मजुरी बुडवणारी सभा. ती येत नाही आणि मग तिला मुलाच्या शिक्षणाची कदर नाही असे म्हणायला आपण मोकळे होतो. संध्याकाळी सात वाजता शाळेच्या व्हरांड्यात सभा ठेवली तर चित्र बदलते. बीड, अहिल्यानगर, जालना यांसारख्या जिल्ह्यांत ज्या गावांतून ऊसतोडीला टोळ्या जातात, तेथे दसऱ्यानंतर सभा घेणे म्हणजे निम्म्या पालकांना वगळणे होय. तेथील महत्त्वाचे सगळे ठराव ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच व्हावेत, विशेषतः हंगामी वसतिगृहाची मागणी, कारण मागे राहणाऱ्या मुलांची यादी वेळेत गेली नाही तर मुले आई-वडिलांबरोबर फडावर जातात आणि त्यांचे वर्ष वाया जाते.

सभेची लेखी सूचना किमान आठवडाभर आधी शाळेच्या फलकावर, ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि मुलांच्या वह्यांमधून जावी, आणि निवडणूक हा विषय त्यात स्पष्ट लिहिलेला असावा. निवड बिनविरोध झाली तर उत्तम, पण 'बिनविरोध' या शब्दाखाली गावातल्या दोन वजनदार घरांची वाटणी लपलेली नाही ना, हे पाहावे. इयत्तावार प्रतिनिधी घेतले तर प्रत्येक वर्गाचा आवाज राहतो आणि सगळे पदाधिकारी एकाच वस्तीचे होत नाहीत. महिला सदस्यांच्या बाबतीत आणखी एक दक्षता: नाव तिचे आणि बैठकीला नवरा, हा ग्रामपंचायतीतला रिवाज शाळेत शिरू देऊ नये. पहिल्या दोन बैठकांत एखादी आई गप्प बसेल. तिच्यावर पोषण आहाराची देखरेख सोपवावी आणि तिसऱ्या बैठकीत तिचा अहवाल विषयपत्रिकेवर पहिला ठेवावा. बोलणे आपोआप सुरू होते.

कोणता निर्णय कोणाच्या टेबलावर होतो

पालकांची बरीच शक्ती चुकीच्या दारावर खर्च होते. मुख्याध्यापकांकडे शिक्षक मागून उपयोग नाही, आणि नळाची तोटी बदलण्यासाठी शिक्षणमंत्र्यांना पत्र लिहूनही नाही. म्हणून घरोघरी जमवलेल्या यादीतील प्रत्येक मागणीपुढे तो निर्णय कोण घेतो हे लिहावे.

शाळेतच होणारे निर्णय दिसतात त्यापेक्षा जास्त आहेत. समग्र शिक्षा योजनेतून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर ठरते; केंद्र सरकारच्या निकषांप्रमाणे ३० पर्यंत पट असल्यास १०,००० रुपये, ३१ ते १०० साठी २५,०००, १०१ ते २५० साठी ५०,००० आणि २५१ ते १००० साठी ७५,००० रुपये, आणि त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावयाची असते. हे पैसे कशावर खर्च झाले ते विचारणे म्हणजे मुख्याध्यापकांवर संशय घेणे नव्हे. ते समितीचे कामच आहे. पोषण आहाराचेही तसेच. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य ठरलेले आहे, वाढण्यापूर्वी शिक्षकासह मोठ्या माणसांनी चव घेणे अपेक्षित आहे, आणि चवीच्या नोंदवहीत पालकाची सही असावी असा आग्रह धरता येतो. आठवड्याचे वार पालकांनी आपसांत वाटून घेतले तर कुणालाही महिन्यातून दोनदापेक्षा जास्त जावे लागत नाही.

इमारत, वर्गखोल्या, कुंपण हे विषय पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचे. वर्गखोली धोकादायक झाली असेल तर आधी अभियंत्याची पाहणी, मग निर्लेखनाचा (खोली वापरातून अधिकृतपणे बाद ठरवण्याचा) प्रस्ताव, मग पाडकाम आणि त्यानंतर नवीन खोलीची मंजुरी, अशी ही साखळी असते. निर्लेखन झाल्याशिवाय 'नवी खोली द्या' ही मागणी जागची हलत नाही. पाणी, वीज, स्वच्छतागृहाची डागडुजी यांसाठी ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात तरतूद करून घेता येते, पण त्यासाठी पालकांना ग्रामसभेत हजर राहून विषय मांडावा लागतो.

शिक्षकांची संख्या संचमान्यतेवर, म्हणजे शाळेच्या शिक्षकपदांना मिळणाऱ्या शासकीय मंजुरीवर ठरते आणि संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर. कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० साठी तीन, ९१ ते १२० साठी चार असावेत. सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांना स्वतंत्र शिक्षक असावेत. मुलांच्या आधार नोंदी अपूर्ण राहिल्या तर ती मुले मोजणीतून सुटतात आणि शिक्षकाचे पद जाते. हे काम मुख्याध्यापकांचे म्हणून सोडून न देता समितीने जुलैमध्येच नोंदी तपासून घ्याव्यात. आंदोलन करून जे पद परत मिळवायला वर्ष लागते, ते चार मुलांच्या नावातली चूक दुरुस्त करून वाचते.

ठराव कसा लिहावा

'शाळेच्या अडचणींवर चर्चा झाली' हे वाक्य कोणत्याही कार्यालयात कुणाच्याही उपयोगाचे नाही. ठरावात वस्तुस्थिती, मागणी, अधिकारी आणि मुदत या चारही गोष्टी असाव्यात. नमुना असा:

'ठराव क्र. ४. शाळेच्या पश्चिमेकडील दोन वर्गखोल्यांचे छत गळत असून इयत्ता तिसरी व चौथीचे वर्ग १ जुलैपासून व्हरांड्यात भरत आहेत. सदर खोल्यांची अभियंत्यांमार्फत पाहणी होऊन दुरुस्ती अथवा निर्लेखन याबाबतचा अहवाल ३० दिवसांत मिळावा, अशी मागणी मा. गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे करण्यात यावी. सूचक, अनुमोदक यांची नावे. ठराव सर्वानुमते मंजूर.'

ठराव बैठकीतच मोठ्याने वाचून मगच सह्या घ्याव्यात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासमोर तर तो दोनदा वाचावा. सह्यांनंतर पानावर कोरी जागा राहिली असेल तर तिथे तिरकी रेघ मारावी. ही बारीक गोष्ट वाटेल, पण नंतर घुसडलेल्या ओळींमुळे भांडणे झालेली मी पाहिली आहेत. दुसऱ्या दिवशी पानाचा फोटो सर्व पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावा. ठरावाची प्रत आणि सोबतचे पत्र कार्यालयात देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय परत फिरू नये. 'ठेवून जा, साहेब आले की देतो' या वाक्यानंतर पत्र कुठे जाते ते सर्वांना ठाऊक आहे. एका पालकाकडे पोच घेतलेल्या सगळ्या प्रतींची फाइल असावी आणि प्रत्येक बैठकीची सुरुवात मागील ठरावांचे काय झाले यापासून व्हावी.

माहिती आधी, तक्रार नंतर

प्रत्येक शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक (शासनाच्या शाळा-माहिती प्रणालीतील ओळख क्रमांक) असतो आणि त्यावरून शाळेने दरवर्षी भरलेली माहिती पाहता येते: किती खोल्या, किती स्वच्छतागृहे, पाणी आहे का, ग्रंथालय आहे का. कागदावर 'चालू' दाखवलेले स्वच्छतागृह प्रत्यक्षात कुलूपबंद असेल तर वेगळ्या पुराव्याची गरज उरत नाही. बाकीची माहिती आधी साध्या पत्राने मागावी. ती मिळाली नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे. महाराष्ट्रात १० रुपयांचे न्यायालयीन मुद्रांक लावून, एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांच्या आत मांडून जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क नाही. उत्तर ३० दिवसांत अपेक्षित असते आणि न मिळाल्यास त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत पहिले अपील करता येते. 'का' आणि 'कसे' असे प्रश्न अर्जात विचारू नयेत; अनुदानाचे खर्चपत्रक, पाहणी अहवालाची प्रत, संचमान्यतेची प्रत असे कागद नाव घेऊन मागावेत.

माहिती हातात असून काम होत नसेल तर शिक्षण हक्क कायद्याचे कलम ३२ वापरावे. त्याखाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा महानगरपालिकेकडे, लेखी तक्रार करता येते. संबंधितांना बाजू मांडण्याची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे आणि निर्णय मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तक्रारीत 'कलम ३२ अन्वये' हे शब्द लिहायला विसरू नये, नाहीतर ती सामान्य निवेदनांच्या गठ्ठ्यात जाते.

गणवेशाचे उदाहरण

समितीचा अधिकार कसा जातो आणि कसा परत येतो, हे अलीकडे साऱ्या राज्याने पाहिले. मोफत गणवेशासाठी प्रत्येक मुलाच्या दोन जोड्यांचे ६०० रुपये समितीकडे येत आणि गावातल्या किंवा तालुक्याच्या शिंप्याकडून गणवेश शिवून घेतले जात. 'एक राज्य, एक गणवेश' या धोरणाखाली २०२४-२५ मध्ये कापडाची खरेदी वरून आणि शिलाई महिला बचत गटांमार्फत अशी रचना झाली. गणवेश उशिरा आले, मापे चुकली, कापडाबद्दल तक्रारी झाल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने पुढील वर्षापासून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला.

यातून पालकांनी घ्यायची गोष्ट व्यवहाराची आहे. 'गणवेश निकृष्ट आहेत' या ओरडीपेक्षा 'पटावरील ८४ पैकी ३१ मुलांना मापाचा गणवेश मिळाला नाही, यादी सोबत जोडली आहे' असा ठराव अधिक पुढे जातो, आणि असे ठराव एका केंद्रातल्या दहा-बारा शाळांमधून एकाच आठवड्यात गेले तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना ते वर कळवणे भाग पडते. यासाठी शेजारच्या गावांतील समिती अध्यक्षांचे फोन नंबर आपल्याकडे हवेत. कमी पटाच्या शाळांचा प्रश्न तर एकट्या शाळेने लढण्यासारखा नाहीच. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा वाडी-वस्तीवरील पालकांना पहिल्यांदा जाणवले की आपल्या शाळेविषयी निर्णय होत असताना आपले म्हणणे कुठेच नोंदलेले नाही. अशा वेळी भावनिक पत्रापेक्षा मोजमाप उपयोगी पडते: प्राथमिक शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आणि उच्च प्राथमिक शाळा ३ किलोमीटरच्या आत असावी हा निकष, वाटेतला ओढा पावसाळ्यात किती दिवस बंद असतो याची नोंद, आणि वस्तीवरील सहा वर्षांखालच्या मुलांची अंगणवाडीतून घेतलेली यादी, म्हणजे पुढच्या तीन वर्षांचा पट.

शिक्षकांशी नाते

समिती जागी झाली की शिक्षक बिथरतात, हे गृहीत धरावे. त्यांच्या दृष्टीने ती आणखी एक तपासणी असते. म्हणून पहिल्या तीन ठरावांत एक तरी ठराव शिक्षकांच्या अडचणीवर असावा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. शिक्षक सतत माहिती भरण्यात आणि सर्वेक्षणात अडकत असतील तर त्याविरुद्धचे पत्र ते स्वतः लिहू शकत नाहीत, समिती लिहू शकते. असे एक पत्र गेले की पुढच्या बैठकीत खर्चाची वही न मागता समोर येते. मात्र अध्यापनाच्या पद्धतीत नाक खुपसू नये आणि एखाद्या शिक्षकाविषयीची तक्रार भर सभेत काढू नये; आधी मुख्याध्यापकांशी बोलावे, मग लेखी द्यावे. याला अपवाद मुलाला मारहाण किंवा त्याहून गंभीर प्रकाराचा. तेथे त्याच दिवशी लेखी तक्रार, आणि गरज असेल तर पोलीस ठाणे. लैंगिक स्वरूपाच्या प्रकारात तर पोलिसांना कळवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. तो विषय समितीत मिटवण्याचा नसतो.

लोकवर्गणीबद्दलही स्पष्ट असावे. गावाने रंगकाम, संगणक, झाडे यांसाठी वर्गणी काढणे ही आपल्याकडची चांगली रीत आहे, पण जे देणे शासनाचे आहे ते वर्गणीतून भरले की ती मागणीच मरते. वर्गणी काढण्याआधी त्याच कामाची लेखी मागणी गेलेली असावी आणि तिची पोच फाइलला असावी.

चौथीतून किंवा सातवीतून मूल बाहेर पडले की पालकही समितीतून बाहेर पडतो, आणि त्याच्याबरोबर सगळी माहिती जाते. त्यामुळे मुदत संपण्याच्या दोन महिने आधी पहिली-दुसरीच्या पालकांपैकी तिघांना प्रत्येक बैठकीत बसवावे, एकदा त्यांच्याकडून पंचायत समितीत पत्र देववून पोच आणवावी, आणि शेवटच्या बैठकीत फाइल, प्रलंबित ठरावांची यादी व कोणत्या अधिकाऱ्याला कोणत्या वारी भेटता येते त्याचा कागद, अशा तीन वस्तू नव्या अध्यक्षांच्या हाती देऊन त्याचीही नोंद इतिवृत्तात करावी.